आधी पाठमोरा हर्क्युलिस बघा

ग्रीक-रोमन पुराणातल्या देवांची, वीरांची जुनी छापील चित्रं बघायला शिकताय? मग प्रिंट विकत घ्यायची घाई नको. ॲमस्टरडॅमचं रिक्सम्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट म्युझियम यांच्या साइटवर भरपूर एन्ग्रेव्हिंग्ज (पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं) फुकट आहेत. महिनाभर तीच मोठी करून बघा. सुरुवात डच कोरणारा हेन्ड्रिक गोल्त्झियस याच्या फार्नीस हर्क्युलिसपासून (1592च्या सुमाराचं, याच नावाच्या प्राचीन पुतळ्याचं चित्र). गडी आपल्याकडे पाठ करून उभा, पाठीमागच्या हातात हेस्पेरिडीस या पुराणातल्या अप्सरांची सफरचंदं. खाली कोपऱ्यात दोन माणसं माना वर करून बघताहेत, अगदी आपल्यासारखीच. पाठीच्या स्नायूंवर झूम करा: रेघ मधे जाड, टोकांना बारीक. तांब्याच्या पत्र्यात ब्युरिन (कोरायचं टोकदार हत्यार) कमीजास्त खोल गेल्याची ती करामत.

नवखे अडखळतात ते इथे:

- झ्यूस, हर्मीस ही ग्रीक नावं शोधत बसतात. त्याच देवांची रोमन नावं ज्युपिटर, मर्क्युरी शोधा. तेव्हा रोमन नावंच चालायची.
- चेहऱ्यावरून ओळखायला जातात. खुणा बघा: गदा आणि सिंहाचं कातडं म्हणजे हर्क्युलिस.
- कोरणाऱ्यालाच चित्राचा कर्ता समजतात. ही चूक मीही बरीच वर्षं केली. 'जजमेंट ऑफ पॅरिस' कोरलं मार्कान्तोनिओ रायमोंदीने, रचना मात्र चित्रकार राफाएलची. चित्रावरच्या बारीक अक्षरांत 'इन्व्हेनिट' हा लॅटिन शब्द दिसला तर शेजारचं नाव रचनाकाराचं, 'स्कल्प्सिट'शेजारचं कोरणाऱ्याचं.

वॉटरमार्क (कागदातली खूण), स्टेट (पत्र्यात बदल करून काढलेली आवृत्ती) वगैरे भानगडी पुढच्या वर्षी.