लष्करी जनरेटरच्या ‘मेलेल्या’ बॅटऱ्या: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: तळोजा एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. लष्करी लिलावातून निघालेला १५ केव्हीएचा डिझेल जनरेटर एका व्यापाऱ्याकडून घेतला. इंजिन चांगलं आहे. स्टार्टर २४ व्होल्टचा असून त्यासाठी १२ व्होल्ट, १०० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन पाण्याच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत. मीटरवर एक ७.८ आणि दुसरी ९.१ व्होल्ट दाखवते. ऑटोमॅटिक चार्जर लावला की लाल दिवा लागून तो बंद होतो. बॅटरीवाला म्हणतो, भंगारात द्या. काही करता येईल का? (वाचक, तळोजा)

उत्तर: या आकड्यांवरून एवढंच कळतं की दोन्ही बॅटऱ्या पार उतरल्या आहेत. त्या मेल्या आहेत का, हे चार्ज केल्याशिवाय सांगता येत नाही. भंगारात देण्याआधी तीन-चार दिवस त्यांच्यासाठी जरूर काढा.

बॅटरी उतरते तेव्हा तिच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. ताजं असताना ते बारीक असतं आणि चार्जिंगने परत विरघळतं. बॅटरी तशीच महिनोन्‌महिने पडून राहिली की त्याचे खडे मोठे आणि कठीण होतात आणि करंट आत शिरू देत नाहीत. लिलावाचा माल बराच काळ उघड्यावर उभा असतो, त्यामुळे या जनरेटरांत हा दोष फार आढळतो. तो बऱ्याच अंशी सुधारतो. प्लेटांचा माल झडून तळाशी साचला आणि सेल (पेटीतल्या सहा कप्प्यांपैकी एक) शॉर्ट झाला, जाळी गंजून तुटली किंवा दोन सेलमधला जोड सुटला, तर मात्र कुठल्याही चार्जिंगचा उपयोग नाही.

बॅटऱ्या उतरवताना चासीला जोडलेली तार आधी काढा, बहुधा ती निगेटिव्ह असते. आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेलात आणि पाना चासीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. मग दोन बॅटऱ्यांमधली जोडपट्टी काढून दोन्ही वेगळ्या करा. पुढचं सगळं काम एकेका बॅटरीवर, जनरेटरपासून सोडवूनच करायचं, कारण यात १६ व्होल्टपर्यंत जावं लागतं आणि ते पॅनेलच्या इलेक्ट्रॉनिक्सला मानवणार नाही. डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे आणि जवळ खायचा सोडा कालवलेलं बादलीभर पाणी हवं. पेटी फुगलेली किंवा तडकलेली असेल तर चार्जिंगला लावूच नका. सीलबंद बॅटरीला ही पद्धत लागू नाही, तिचं झाकण उचकटू नका.

आता पाणी बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला आणि रात्रभर तसंच राहू द्या. चार्जिंगमध्ये पातळी वर चढते. आधीच काठोकाठ भरलं तर अ‍ॅसिड उतू जातं. खुणेपर्यंतची भर शेवटी, चार्ज पूर्ण झाल्यावर.

तुमचा चार्जर नादुरुस्त नाही. ऑटोमॅटिक चार्जर आधी बॅटरीचं व्होल्टेज तपासतो, ते फार कमी दिसलं की काहीतरी शॉर्ट आहे असं समजून थांबतो. म्हणून सुरुवातीला व्होल्टेज आणि करंट दोन्ही बांधता येतील असा ० ते ३० व्होल्ट, ५ अँपिअरचा डीसी पॉवर सप्लाय वापरा. लॅमिंग्टन रोडच्या बाजारात तो मिळतो. व्होल्टेज १५ वर आणि करंट १ ते २ अँपिअरवर बांधा. पहिले काही तास काट्यावर ५०-१०० मिलिअँपिअरच दिसतील आणि व्होल्टेज लगेच १५ ला टेकेल. इथेच बहुतेक लोक ‘घेतच नाही’ म्हणून सोडून देतात. सल्फेटचा विरोध असाच दिसतो. तसंच चालू ठेवा. बॅटरी सुधारणारी असेल तर काही तासांत, कधी दिवसभराने, करंट हळूहळू २ अँपिअरपर्यंत चढतो, व्होल्टेज खाली येतं आणि मग सावकाश वर जायला लागतं. घाई करून १० अँपिअर ढकललेत तर सल्फेट विरघळण्याऐवजी बॅटरी तापेल आणि प्लेटांचा माल झडेल.

पॉवर सप्लाय नसेल तर असं करा. १२ व्होल्टची चांगली बॅटरी तुमच्या ऑटोमॅटिक चार्जरला लावा. तिची निगेटिव्ह उतरलेल्या बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा. दोघींच्या पॉझिटिव्हमध्ये मात्र तार थेट न घालता मध्ये गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब टाका. हा बल्ब करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही. त्याचा प्रकाश मावळत गेला आणि बल्ब काढल्यावरही उतरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज बाराच्या आसपास टिकलं, की आता चार्जर तिला एकटीला ओळखेल.

बॅटरी १२ च्या वर टिकायला लागली की ५ अँपिअरने १४.४ व्होल्टपर्यंत न्या. मग २ अँपिअरवर १५.५ ते १६ व्होल्ट ठेवून दर तासाला हायड्रोमीटरने सहाही सेलची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत अ‍ॅसिडचा दाटपणा) मोजून लिहून ठेवा. लागोपाठ तीन वेळा ती वाढली नाही तर थांबा. या टप्प्यात बॅटरी उकळल्यासारखी बुडबुडे सोडते. तो हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते. तेव्हा हे काम शटर उघडं ठेवून, वेल्डिंगपासून लांब करा आणि क्लिप काढण्यापूर्वी चार्जरचं बटण बंद करा. बुचांची भोकं मोकळी हवीत. पेटी हाताला चटका देण्याइतकी तापली, म्हणजे ५० अंशांच्या घरात गेली, तर थांबून थंड होऊ द्या. मे महिन्यात तळोज्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे रात्रीच करणं बरं.

पुढचे १२ ते २४ तास तिला हात लावू नका. मग साडेबाराच्या वर व्होल्टेज आणि सगळ्या सेलमध्ये १.२४० ते १.२६० ग्रॅव्हिटी असेल तर आशा आहे. ही ग्रॅव्हिटी २७ अंशांची आहे. अ‍ॅसिड त्याहून गरम असेल तर दर १० अंशांना ०.००७ मिळवा. एखादा सेल इतरांपेक्षा ०.०५० ने मागे असेल तर तो सेल गेला. इतकं करूनही व्होल्टेज साडेदहाच्या आसपास अडलं असेल तर सहापैकी एक सेल शॉर्ट आहे. तिथे बॅटरीवाल्याचं म्हणणं मान्य करा.

पण साडेबारा व्होल्ट दिसले म्हणून तिच्यावर विसंबू नका, मोजून घ्या. ६० वॉटचा हेडलाइटचा बल्ब लावा, तो ५ अँपिअर घेतो. व्होल्टेज १०.५ ला येईपर्यंत किती तास जळला ते लिहा. १२ तास जळला तर ६० एएच शिल्लक आहेत आणि १५ केव्हीएचं इंजिन सुरू करायला ते पुरतात. दहा तासांच्या आत विझला तर त्या बॅटरीवर आणखी वेळ घालवू नका. चाचणी संपताच, त्याच दिवशी, पुन्हा पूर्ण चार्ज करा. मग बसवून सेल्फ मारताना प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज बघा. ते ९.६ च्या खाली जाता कामा नये. नव्याइतकी ताकद परत येत नाही. लिफ्ट किंवा दवाखाना या जनरेटरवर असेल तर नवी जोडीच घ्या.

प्रश्न: वागळे इस्टेटमधल्या आमच्या युनिटमध्ये असाच २४ व्होल्टचा जनरेटर आहे. दोन वर्षांत एकच बॅटरी, तीही निगेटिव्ह बाजूची, दोनदा बदलली. दुसरी ठणठणीत आहे, फक्त पाणी फार पिते. असं का? (वाचक, ठाणे)

उत्तर: त्या बॅटरीवरून कुणीतरी १२ व्होल्टची तार काढलेली असणार. शेडमधला दिवा, पंखा, मोबाइलचा चार्जर, काहीही. चासीपासून पहिल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर १२ व्होल्ट आयते मिळतात म्हणून हा मोह होतो. बॅटऱ्या चार्ज करणारा अल्टरनेटर मात्र दोघींना सिरीजमध्ये सारखाच करंट देतो आणि फक्त बेरीज बघतो. एकूण २८ व्होल्ट असताना खालचीला (चासीकडच्या, निगेटिव्ह बाजूच्या बॅटरीला) १२.८ आणि वरचीला १५.२ मिळत असतील, तरी त्याच्या दृष्टीने सगळं ठीक. खालची कायम अर्धपोटी राहून सल्फेट धरते, वरची उकळून पाणी उडवते. तुमची ‘ठणठणीत’ बॅटरीही त्यामुळे लवकरच जाईल.

इंजिन चालू असताना दोन्ही वेगवेगळ्या मोजा. दोन्हींवर १३.८ ते १४.२ यायला हवेत. ती तार काढा, १२ व्होल्ट हवेच असतील तर २४ चे १२ करणारा डीसी कन्व्हर्टर दोन्ही बॅटऱ्यांवर लावा. नवी बॅटरी जुनीबरोबर जोडू नका, जोडी एकाच बनावटीची आणि एकाच वयाची हवी.

एक तपासणी आणखी करा. सगळे स्विच बंद करून निगेटिव्ह तारेत मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावा. (मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका.) पॅनेल ५० मिलिअँपिअर जरी खात असलं, तरी महिन्याला ३६ एएच जातात. बॅटरीचा कट-ऑफ स्विच बसवला की हे थांबतं. खाडीकडच्या दमट हवेत टर्मिनलांवर हिरवट-पांढरा थर धरतो. तो सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडं करून, लग घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा.

प्रश्न: ग्रॅव्हिटी १.१५० च आहे. थोडं अ‍ॅसिड किंवा तुरटी टाकली तर? डिस्टिल्ड वॉटरऐवजी एसीचं पाणी चालेल का? (वाचक, रबाळे)

उत्तर: अ‍ॅसिड टाकू नका. चार्जिंगमध्ये आणि उन्हाने उडतं ते पाणी. अ‍ॅसिड आतच, सल्फेटच्या रूपात प्लेटांवर अडकलेलं असतं. वरून ओतलंत तर हायड्रोमीटर खूश होईल, ताकद वाढणार नाही, आणि पुढे ते अडकलेलं अ‍ॅसिड सुटलं की ग्रॅव्हिटी १.३०० च्या वर जाऊन प्लेटा आणि सेपरेटर खाऊन टाकेल. बॅटरी कलंडून अ‍ॅसिड सांडलं असेल, तरच पूर्ण चार्जनंतर त्याच ग्रॅव्हिटीचं घालावं. तुरटीने काहीही सुधारत नाही. एसीचं पाणी तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या कॉइलवरून धूळ घेत येतं, आरओच्या पाण्यात क्षार उरतात. दोन्ही टाळा.

प्रश्न: तातडीला ट्रकवरून किंवा कारवरून जंप देता येईल का? आणि एकदा सुरू झाल्यावर बॅटरी काढली तर? (वाचक, कळंबोली)

उत्तर: २४ व्होल्टच्या ट्रकवरून चालेल. पॉझिटिव्ह आधी जोडा, निगेटिव्हचं शेवटचं टोक बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या धातूला लावा. १२ व्होल्टची कार या जनरेटरला जोडू नका. गाडीतून काढलेल्या दोन चांगल्या १२ व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये लावल्या तर मात्र सुरू होईल.

चालू जनरेटरची बॅटरी काढू नका. व्होल्टेज आवरणारं काही उरत नाही, अल्टरनेटरचा झटका रेग्युलेटर आणि पॅनेल जाळतो. शॉर्ट सेलची बॅटरी ठेवून रोज चालवणंही घातक आहे: २८.२ व्होल्ट बाराऐवजी अकरा सेलमध्ये वाटले जातात आणि चांगल्या बॅटरीवर १५.४ येतात. अशी बॅटरी अ‍ॅसिडसकट, उभी, अधिकृत विक्रेत्याकडे परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही. वजनावर घेणारा अ‍ॅसिड नाल्यात ओतून मगच घेतो म्हणाला, तर त्याला देऊ नका.