घरातल्या वस्तूंचे फोटो काढायचेत? आधी खिडकी बघ

अगं कॅमेऱ्याचं नंतर बघू, आत्ता मोबाईल पुरे आहे. सकाळी किचनच्या खिडकीतून उजेड तिरका येतो ना, तेव्हा ओट्यावर एखादी ढोबळी मिरची ठेव आणि ट्यूबलाईट बंद कर, दोन प्रकारचा उजेड मिसळला की रंग विचित्र येतात. फ्लॅश तर अजिबात नको, समोरून उजेड पडला की सगळं सपाट दिसतं, बाजूने पडला की वळणं, सुरकुत्या सगळं उठून दिसतं.

मिरचीच का सांगतेय, तर एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरचा १९३० चा 'पेपर नंबर ३०' (Pepper, म्हणजे मिरची) हा फोटो नक्की बघ, एक साधी ढोबळी मिरची, पण पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवलेली, त्यामुळे आतून उजेड परत फिरून तिच्यावर मऊ पडलाय आणि ती अक्षरशः पिळदार पाठीसारखी दिसते! मला आजही तो फोटो बघताना भरून येतं.

नरसाळं नसलं तर सावलीच्या बाजूला पांढरा कागद उभा धर, तेवढ्याने काळोखी भाग उजळतो. स्टीलचं भांडं घेतलंस तर चकाकी पांढरीफट्ट येते, मग बहुतेक फोनवर स्क्रीनला टच करून ब्राइटनेस खाली ओढता येतो, तो थोडा कमी ठेव.

आणि रोज नवीन वस्तू शोधत बसू नकोस गं, आठवडाभर एकच घे, सकाळी, दुपारी, पावसाळी ढगात, वरून, अगदी जवळून. फिल्टर आत्ताच नकोत, आधी ब्लॅक अँड व्हाईट करून बघ, आकार नीट कळायला लागतात.