छोट्या कॉलेजातून एनबीएपर्यंत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये मायामी हीट संघाकडून खेळलेला डंकन रॉबिन्सन आधी 'डिव्हिजन थ्री' कॉलेजात होता असं वाचलं. तिथून एनबीए गाठणं एवढं अवघड का? त्याला ते कसं जमलं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएमध्ये कॉलेजांचे तीन गट, म्हणजे 'डिव्हिजन', आहेत. एनबीएवाले खेळाडू शोधतात ते मुख्यतः पहिल्या गटात. तिसऱ्या गटातल्या कॉलेजांना खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, त्यामुळे उंच, वेगवान मुलं शाळेतूनच वरच्या गटात जातात. उरलेल्यांत कोणी उत्तम खेळला, तरी 'समोर कोण होतं?' हा प्रश्न त्याच्या आकड्यांना चिकटतोच.

रॉबिन्सन 2013 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजात आला. पहिल्याच मोसमात सामन्यामागे 17.1 गुण, तीन गुणांच्या शॉटमध्ये (लांबच्या रेषेबाहेरून मारलेल्या) 45 टक्के यश. संघ तिसऱ्या गटाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरशी 75-73 असा हरला. त्यानंतर त्याचे कोच माइक मेकर दुसऱ्या कॉलेजात गेले. मेकर पूर्वी जॉन बीलाइन यांचे सहायक होते, आणि बीलाइन आता पहिल्या गटातल्या मिशिगन विद्यापीठाचे कोच होते. बीलाइन यांनी रॉबिन्सनला पूर्ण शिष्यवृत्ती देऊन घेतलं. ओळखीचा उपयोग होतो तो असा : ती दार उघडून देते, पण आत टिकायला शॉटच लागतो.

तेव्हाच्या नियमाप्रमाणे कॉलेज बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसावं लागे. 2014-15 मध्ये तो मिशिगनच्या संघासोबत फक्त सराव करत होता. हे वर्ष वाया गेलं असं आम्ही मानत नाही. सामन्याचं दडपण नाही आणि रोज समोर पहिल्या गटातले बचावपटू, अशी संधी तिसऱ्या गटातल्या मुलाला एरवी मिळत नाही. पुढच्या मोसमात त्याची सरासरी 11.2 गुणांची होती. तीन गुणांचं यश पुन्हा 45 टक्के. गट बदलला, पण टक्का हलला नाही, आणि 'समोर कोण होतं' या प्रश्नाचं खरं उत्तर तेच होतं. शेवटच्या वर्षी तो बहुतेक वेळा राखीवमधून आला आणि मिशिगन ज्या बिग टेन या कॉलेज लीगमध्ये खेळतं, तिचा सर्वोत्तम राखीव खेळाडू ठरला. 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, मात्र त्याला कोणीही निवडलं नाही.

हीटने त्याला 'टू-वे' करार दिला. म्हणजे बराच काळ दुय्यम लीगमधल्या सू फॉल्सच्या संघात, अधूनमधून मायामीत. 2019-20 मध्ये तो नियमित खेळू लागला आणि त्याने तीन गुणांच्या 606 पैकी 270 शॉटमध्ये बास्केट केली, म्हणजे 44.6 टक्के. त्या मोसमात हीट एनबीएच्या अंतिम मालिकेत होते. 2021 मध्ये त्याला पाच वर्षांचा 9 कोटी डॉलरचा करार मिळाला.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा अकरावीत आहे, शाळेच्या संघात चांगला खेळतो. पण पहिल्या गटातल्या एकाही कॉलेजाने विचारलेलं नाही. छोट्या कॉलेजात गेला तर वाट बंद होईल का? – एक पालक

उत्तर : नाही. उलट आता ती पूर्वीपेक्षा मोकळी आहे. 2021 पासून एकदा कॉलेज बदलल्यास लगेच खेळता येऊ लागलं. 2024 पासून अभ्यासाच्या अटी पाळल्या तर कितीही वेळा बदललं तरी बसावं लागत नाही. याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. मोठे कोच आता शाळकरी मुलापेक्षा दोन वर्षं कॉलेजात खेळून सिद्ध झालेला मुलगा पसंत करतात. म्हणून पहिल्या वर्षी कोर्टवर मिनिटं कुठे मिळतील हे आधी पाहा. नावाजलेल्या संघाच्या बाकावर बसून कोणाला आकडे दाखवता येत नाहीत.

पैशाचं गणित आधी करा. दुसऱ्या गटात पुरुष संघाला दहा पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम असते आणि ती वाटून दिली जाते. त्यामुळे बहुतेकांना अर्धीमुर्धीच मिळते. तिसऱ्या गटात कुटुंबाच्या उत्पन्नावर आणि गुणांवर मदत मिळते. तिचे अर्ज कॉलेजच्या मुदतीत गेलेच पाहिजेत, कोच ती मुदत वाढवू शकत नाही. कोचला ई-मेल मुलानेच लिहावी. त्यात उंची, गुणपत्रक आणि एका पूर्ण सामन्याचा व्हिडिओ असावा. नुसत्या निवडक बास्केटच्या तुकड्यांत तो बचावात कुठे उभा राहतो ते दिसत नाही, आणि कोचला तेच पाहायचं असतं.

प्रश्न : ग्रिनेल कॉलेजच्या जॅक टेलरने एका सामन्यात 138 गुण केले होते. तो एनबीएत का गेला नाही? – एक वाचक, नागपूर

उत्तर : ग्रिनेलही तिसऱ्या गटातलंच कॉलेज. 20 नोव्हेंबर 2012 चा तो सामना. 36 मिनिटांत त्याने 108 शॉट मारले, म्हणजे मिनिटाला तीन. संघाची पद्धतच तशी होती : खेळाडू सतत बदलायचे, पूर्ण कोर्टभर दबाव टाकायचा आणि प्रतिस्पर्ध्याने पटकन बास्केट केली तरी चालेल, चेंडू परत हवा. समोरच्या संघातल्या एकानेही 70 गुण केले. दम आणि हिंमत लागतेच, पण निवड करणाऱ्याला यातून बचावाबद्दल काहीच कळत नाही.

प्रश्न : माझी मुलगी सरावात तीन गुणांचे शॉट छान टाकते, सामन्यात मात्र शॉट सुटतच नाही. रॉबिन्सनकडून काय शिकावं? – एक आई, पुणे

उत्तर : त्याचे पाय पाहा. मायामीत त्याचा सहकारी बॅम अॅडेबायो चेंडू घेऊन बास्केटसमोर, पण दूर, मधोमध उभा असे. रॉबिन्सन कोपऱ्यातून धावत येई, त्याच्या कमरेला घासून जाताना हातातून चेंडू घेई आणि बचावपटू अॅडेबायोच्या अंगाला वळसा घालेपर्यंत शॉट सुटलेला असे. चेंडू हातात येतो तेव्हा गुडघे आधीच वाकलेले, बास्केटच्या बाजूचा पाय टेकलेला, दुसरा त्याच्या रेषेत येत असलेला.

तुमच्या मुलीचं बहुधा उलट होत असावं : सरळ उभं राहून पास घ्यायचा, मग वाकायचं, मग उठायचं. त्या मधल्या वाकण्यातच बचावपटू पोहोचतो. फोनवर साध्या 30 फ्रेमच्या वेगाने बाजूने व्हिडिओ घ्या. चेंडू हाताला लागल्यापासून सुटेपर्यंतच्या फ्रेम मोजा. 21 फ्रेम म्हणजे 0.7 सेकंद, तिथपर्यंत हळूहळू आणायचं. पाच जागा, प्रत्येक ठिकाणी दहा शॉट, आणि प्रत्येक शॉटआधी चार-पाच पावलं धाव. उभ्याने टाकलेले मोजायचे नाहीत. चेंडू डावी-उजवीकडे जाऊ लागला, तर शेवटचं पाऊल लांब पडतंय आणि अंग वाहत जातंय. ते पाऊल आखूड करा. रिंगच्या पुढच्या कडेवर आपटू लागला की पाय थकलेत, तिथेच थांबवा. आपल्याकडची तीन गुणांची रेषा 6.75 मीटरवर आहे, तर विल्यम्समध्ये रॉबिन्सन 6.32 मीटरच्या रेषेवरून खेळत होता. हात-पायांचा ताल बसेपर्यंत मुलीलाही अर्धा मीटर आत उभी करा.