थंड अणू, फर्मिऑन आणि डेबोरा जिन: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या लेखात अमेरिकन फिजिसिस्ट डेबोरा जिन (१९६८-२०१६) यांचा उल्लेख होता, त्यावरून बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार घेतेय.

प्रश्न: लेझरने लोखंड कापतात, मग त्यानेच अणू थंड कसे होतात? (सांगली)

गॅस थंड म्हणजे त्यातले अणू हळू पळतायत, एवढंच. लेझरच्या प्रकाशाची फ्रिक्वेन्सी अणूला लागते त्यापेक्षा किंचित कमी ठेवतात, मग लेझरच्या समोरून धावत येणाऱ्या अणूलाच डॉप्लर इफेक्टमुळे (समोरून येणाऱ्या गाडीचा हॉर्न चढा वाटतो तसं) ती जुळते, तो फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण घेतो आणि प्रत्येक फोटॉनमागे त्याला बारीकसा धक्का उलट्या दिशेने बसतो. असं सहाही बाजूंनी केलं की अणू मायक्रोकेल्विनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या काही दशलक्षांशापर्यंत, येतात. १९९७ चं नोबेल याच कामाला होतं. त्याहून खाली जायचं तर बाष्पीभवन, बशीतला चहा निवतो तसं: सगळ्यात गरम अणू सापळ्यातून जाऊ द्यायचे. पण मागे राहिलेल्यांनी एकमेकांवर आपटून उष्णता परत वाटून घेतली पाहिजे, नाहीतर गाडी तिथेच अडते.

प्रश्न: कंडेन्सेट तर १९९५ लाच झालं होतं, मग जिन यांनी वेगळं काय केलं? (ठाणे)

तेच तर सांगायचंय! कंडेन्सेट म्हणजे खूप थंड केलेले अणू सगळे एकाच अवस्थेत येऊन एकच असल्यासारखे वागतात ती स्थिती. १९९५ ला कॉर्नेल आणि वाईमन यांनी कोलोरॅडोतल्या बोल्डरला, ‘जिला’ (JILA) नावाच्या संशोधन संस्थेत, रुबिडियमचं कंडेन्सेट केलं, पण ते अणू बोसॉन, सगळे एकाच अवस्थेत बसायला तयार. जिन यांना हवे होते फर्मिऑन, जे एका अवस्थेत दोघं बसतच नाहीत. आणि इथे वरची अट आडवी येते, कारण एकसारखे फर्मिऑन इतक्या थंडीत एकमेकांवर जवळजवळ आपटतच नाहीत, म्हणजे बाष्पीभवन ठप्प. त्यांनी आणि त्यांचा विद्यार्थी ब्रायन डीमार्को याने पोटॅशियम-४० (पोटॅशियमचा एक आयसोटोप, फर्मिऑन) वेगवेगळ्या दोन स्पिन अवस्थांमध्ये ठेवलं (स्पिन म्हणजे अणूचा चुंबकासारखा अंगभूत गुण), म्हणजे ते एकसारखे राहिले नाहीत, मग टक्कर व्हायला लागली आणि १९९९ मध्ये पहिला डिजनरेट फर्मी वायू मिळाला, म्हणजे इतका थंड की फर्मिऑन खालून एकेक अवस्था भरत बसलेत. नैसर्गिक पोटॅशियममध्ये हा आयसोटोप जेमतेम ०.०१२ टक्के असतो, त्यामुळे तो जास्त प्रमाणात असलेला सोर्सही त्यांनी लॅबमध्येच बनवला. मला या कामातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हेच, कारण मशीन कुठे अडतंय ते त्यांनी अचूक ओळखलं.

जिन यांची पीएचडी शिकागोची, सुपरकंडक्टरवरची. अणूंकडे त्या नंतर आल्या, कॉर्नेल यांच्या ग्रुपमध्ये पोस्टडॉक म्हणून.

प्रश्न: सुपरकॉम्प्युटर असताना अणूंवर सिम्युलेशन कशाला? (बेळगाव)

धातूतले इलेक्ट्रॉन एकत्र कसे वागतात ते शोधायचं असतं, पण तो हिशोब कॉम्प्युटरच्या आवाक्यात राहत नाही. प्रत्येकी दोन अवस्था असलेल्या ५० स्पिनची पूर्ण अवस्था लिहायची तर २ चा ५० वा घात, म्हणजे एकावर पंधरा शून्यं एवढे आकडे, आणि एक स्पिन वाढवला की दुप्पट. धातूतले इलेक्ट्रॉनही फर्मिऑनच असतात, म्हणून पोटॅशियमच्या अणूंना इलेक्ट्रॉनच्या जागी उभं करायचं आणि उत्तर निसर्गाकडूनच घ्यायचं. वर सोय अशी की साधारण २०२ गॉसजवळ (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं माप) चुंबकीय क्षेत्र थोडं हलवलं की अणूंमधलं आकर्षण कमी-जास्त करता येतं, खऱ्या धातूत असं बटण नसतं. तेच वापरून २००४ च्या सुरुवातीला जिन, सिंडी रीगल आणि मार्कुस ग्रायनर यांनी फर्मिऑनच्या जोड्यांचं कंडेन्सेट जाहीर केलं. पुढे ग्रायनर हार्वर्डला गेले आणि २००९ मध्ये त्यांच्या ग्रुपने लेझरच्या प्रकाशाने बनवलेल्या जाळीतला एकेक अणू वेगळा दिसेल असा मायक्रोस्कोप दाखवला.

प्रश्न: मुलगी बीएस्सीला आहे, हेच करायचं म्हणते. कसं काय? (नाशिक)

करू दे. जॅम (एमएस्सीसारख्या कोर्सची प्रवेश परीक्षा) देऊन आयसर या विज्ञान संस्थेच्या इंटिग्रेटेड पीएचडीला जाता येतं, पुण्याच्या आयसरमध्ये अतिथंड अणूंवर प्रयोग चालतात, बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतही. फक्त तिला आधी एखाद्या ऑप्टिक्स लॅबमध्ये उन्हाळी प्रोजेक्ट करू द्या, कारण या कामात दिवसचे दिवस आरसे अलाइन करण्यात, व्हॅक्यूमची गळती शोधण्यात आणि एसीचं तापमान हललं म्हणून सरकलेला लेझर परत जागेवर आणण्यात जातात. एवढं करून अणूंचा ढग सोडायचा, त्याच्या सावलीचा एक फोटो घ्यायचा, तो ढग तिथेच संपतो आणि पुढच्या फोटोसाठी सगळं पहिल्यापासून. हे करताना तिचा वेळ कसा गेला कळलं नाही असं ती म्हणाली, तर लगेच फॉर्म भरा.