ढोलीचं झाड तोडावं का?

प्रश्न : काजू लावायला घरामागचं जुनं रान साफ करतोय. त्यात एक वाळलेला बेहडा आहे. त्याच्या ढोलीत खांद्यावर लाल डाग असलेले मोठे पोपट येतात. झाड तोडून शेजारच्या किंजळीवर लाकडी पेटी टांगली तर चालेल का?
– एक बागायतदार, लांजा

उत्तर : बेहडा राखा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. खांद्यावर लाल डाग म्हणजे तो करण पोपट, आपला राघू. धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत तो ‘संकटसमीप’ आहे. पिल्लांची चोरटी विक्री आणि जुन्या झाडांची तोड, ही त्याची मुख्य कारणं. राघू अंडी ढोलीतच घालतो आणि एवढ्या मोठ्या पक्ष्याला पुरेल अशी ढोली जाड, जुन्या खोडालाच पडते. सुतार पक्ष्याने कोरलेलं किंवा फांदी मोडून पडलेलं भोक कुजत जातं, मग पोपट ते चोचीने रुंद करतात. आज लावलेल्या रोपाला अशी ढोली पडायला काही दशकं जातील. शिवाय वाळलेल्या खोडाची काजूला सावली ती कितीशी!

झाड घरावर पडेल अशी भीती असेल, तर फांद्या उतरवा आणि ढोलीच्या वर चार-पाच फूट खोड ठेवून शेंडा कापा. पण नोव्हेंबर ते एप्रिल कुऱ्हाड लावू नका. अंडी उबायला सुमारे चार आठवडे लागतात, त्यानंतर पिल्लं सुमारे सात आठवडे ढोलीत असतात. शिमग्याच्या होळीसाठी सावर निवडतानाही आधी वर बघा, सण ऐन विणीत येतो.

पेटी लावायची तर ती बेहड्याच्या जोडीला. फणसाच्या इंचभर जाड फळ्या घ्या. प्लायवूड पावसात फुगून सुटतं. आतून 1 फूट लांब-रुंद, 2 फूट खोल, छताजवळ 4 इंचांचं भोक. भोकाखाली आतून आडव्या खाचा पाडाच, गुळगुळीत फळीवरून पिल्लांना चढता येत नाही. तळाला पाणी निथळायला भोकं आणि वर 2-3 इंच लाकडाचा जाडसर चुरा. बारीक भुसा दमट होऊन बुरशी धरतो. आतून रंग नको. ऑक्टोबरात 20 फुटांवर टांगा, तोंड नैऋत्येला नको. सातेरी मधमाश्या किंवा साळुंकी आधी शिरण्याची शक्यता असते, म्हणून दर वर्षी ऑक्टोबरात पेटी उघडून झाडून घ्या.

प्रश्न : पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : भोकं पाडलेल्या खोक्यात, सुती फडक्यावर, सावलीत ठेवा. दूध-भात भरवू नका, पाणी चोचीत ओतू नका. ते श्वासनलिकेत जातं. लगेच वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. घरी पाळणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.