पोटाचं डायलिसिस चालू असलेल्या बाबांचं ड्रेनचं, म्हणजे पोटातून पिशवीत काढलेलं, पाणी गढूळ आलंय. ताप नाही, पोटही फारसं दुखत नाही. उद्या दाखवलं तर चालेल का?

नका थांबू. ताप नाही, पोटही फारसं दुखत नाही असं तुम्ही लिहिलंय, पण बरेचदा पाणी आधी गढूळ होतं, ताप आणि दुखणं मागून येतं. आत्ताच सेंटरला फोन करा आणि आजच जा.

आईचं सीएपीडी, म्हणजे हेच पोटाचं डायलिसिस, मी चार वर्षं घरीच केलं, सदाशिव पेठेत, दिवसातून तीन पिशव्या. ड्रेनचं पाणी फिकट पिवळं असलं तरी आरपार दिसायला हवं. सिस्टरांनी शिकवलं होतं, पिशवी पेपरवर ठेवायची, खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. गणपतीतल्या एका संध्याकाळी ‘सकाळ’चा मथळासुद्धा दिसेना, तांदळाच्या धुवणासारखं पाणी. घरात आरतीला माणसं, बाहेर रस्ते बंद. मीही म्हटलं, सकाळी बघू. पहाटे आईला कूस बदलवेना, पोटाला हात लावू देईना. खुर्चीत बसवून आम्ही दोघांनी तिला रिक्षापर्यंत उचलून नेलं.

पोटाच्या आतलं जे पातळ अस्तर रक्त गाळायचं काम करतं, तेच जंतूंनी सुजतं. जंतू बऱ्याचदा आपल्याच कातडीवरचे असतात, नळी जोडताना टोकाला बोट लागलं तरी पुरतं. त्या दुपारी मी पंखा बंद न करता घाईत पिशवी जोडली होती. ते अजून सलतं.

गढूळ पिशवी ओतून टाकू नका, क्लॅम्प लावून तशीच सोबत न्या. पाण्यात पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला 100 च्या वर आणि त्यात निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असतील, तर संसर्ग धरून चालतात. कल्चरचा, म्हणजे पाण्यात कोणता जंतू आहे ते शोधणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट यायची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू होतं, बहुतेकदा डायलिसिसच्या पिशवीतच मिसळून, आणि साधारण 2 ते 3 आठवडे चालतं. घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी मात्र देऊ नका; नंतर कल्चरमध्ये जंतू सापडेलच असं नाही.

आईचं पाणी तिसऱ्या दिवशी निवळलं. योग्य औषध देऊनही 5 दिवसांत निवळलं नाही तर बहुधा कॅथेटर, म्हणजे पोटात बसवलेली नळी, काढावा लागतो, बुरशीचा संसर्ग असेल तर लगेचच, आणि मग रक्ताच्या डायलिसिसवर जावं लागतं.

निघताना पिशव्यांची नोंदवही आणि औषधांची यादी घ्या. वाटेत उलट्या किंवा असह्य कळा सुरू झाल्या, तर 108 ला फोन करा.