बिल शून्य करण्याआधी पंप किती वेळ चालतो ते पाहा

प्रश्न : आमची सोसायटी पुण्यातली, १९९७ सालची. दोन विंग, पार्किंग अधिक सहा मजले, ३६ फ्लॅट, दोन लिफ्ट. कॉमन मीटरचं बिल महिन्याला सरासरी १,९०० युनिट, म्हणजे साधारण ३२ हजार रुपये येतं. एका सोलरवाल्याने १६ किलोवॅटचं ९ लाख ६० हजारांचं कोटेशन दिलं आहे आणि 'बिल शून्य' असं सांगितलं आहे. सिंकिंग फंडाची ११ लाखांची एफडी आहे. ती मोडावी असं चेअरमन म्हणतात. काही सभासदांचं म्हणणं, रिडेव्हलपमेंट होणारच आहे, आता एक रुपयाही घालू नका. मी बँकेतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून इथली खजिनदार आहे. सहीची वेळ माझ्यावर येणार. शिवाय माझ्या घरचा २०१४ चा एसी बदलावा का, हेही सांगा.

उत्तर :

तुम्ही बँकेतल्या, त्यामुळे पत्रासोबत वर्षभराची बिलं, दिव्यांची यादी आणि वॉचमनच्या वहीतल्या पंपाच्या नोंदी जोडल्यात. त्या वहीने माझं निम्मं काम केलं.

आधी निकाल सांगतो. सोलर घ्या, पण १६ किलोवॅटचं नको आणि आत्ता लगेच नको. एफडीला हात लावू नका. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण निधीतून ९० हजार खर्च करा. तुमच्या ताळेबंदाप्रमाणे त्या खात्यात १ लाख ६० हजार आहेत.

आता कारणं. सोसायटीच्या कॉमन मीटरला घरगुती दर लागतो आणि घरगुती दर पायरीचा असतो : १०० युनिटपर्यंत स्वस्त, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि ५०० च्या वर सर्वांत महाग. ३६ घरांचं जिना-पाणी-लिफ्ट एकाच मीटरवर, म्हणून तुमचे १,९०० पैकी १,४०० युनिट सर्वांत वरच्या पायरीवर बसलेत. बिलाला युनिटने भागलं की सरासरी १७ रुपये येते आणि सोलरवाला तीच धरतो. पण तुम्ही वाचवलेलं पहिलं युनिट वरच्या पायरीवरून कमी होतं. वहन आकार आणि वीजशुल्क धरून ते १८ रुपयांच्या पुढे जातं. कोणताही खर्च तोलताना हा १८ चा आकडा समोर ठेवा.

हे १,९०० युनिट जातात कुठे? तुमच्या यादीत ४४ जुन्या ट्यूबलाइट आहेत, जिना, पार्किंग आणि कंपाउंड मिळून. ४० वॅटची ट्यूब चोकसकट ५० च्या वर खाते. रात्रीचे बारा तास धरले तर महिन्याला सव्वाआठशे युनिट नुसत्या उजेडाला. २० वॅटच्या एलईडी पट्ट्या लावल्या की ते सव्वातीनशेवर येतं. जिन्यात सेन्सर लावले तर आणखी ऐंशी-नव्वद युनिट सुटतात. सेन्सर लावताना प्रत्येक मजल्यावर एक मंद दिवा कायम चालू राहील असं बघा. तुमच्याकडे ज्येष्ठ मंडळी बरीच आहेत. अंधारात पायरी चुकली तर हाडाच्या डॉक्टरचं बिल महावितरणच्या बिलापेक्षा मोठं येतं. हा सगळा खर्च मजुरीसकट ३० हजारांच्या आत बसतो.

पंपापाशी मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरी गोष्ट तिथे आहे. वहीप्रमाणे ५ एचपीचा पंप रोज सरासरी तीन तास चालतो. म्हणजे १२ युनिट, महिन्याला ३६०. तुम्हीच लिहिलंय की खालची २० हजार लिटरची टाकी दिवसातून एकदा भरते आणि तेवढंच पाणी वर चढतं. गच्चीवरच्या टाकीपर्यंतची उंची २५ मीटर धरू. २० हजार किलो पाणी २५ मीटर उचलायला शाळेतल्या भौतिकशास्त्राप्रमाणे दीड युनिटही लागत नाही. पंप, मोटर, पाइप यांचं नुकसान धरलं तरी तीन-चार युनिटांत काम व्हायला हवं. तुम्ही १२ भरताय. याचा अर्थ दोनपैकी एक. एक तर पंप झिजलाय किंवा या उंचीला चुकीचा बसवलाय. नाही तर फूट व्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपाच्या तळाची झडप) गळतोय किंवा वरची टाकी ओसंडून पाणी पावसाच्या पाइपातून गटारात जातंय. पहाटे गच्चीवर जाऊन ओव्हरफ्लोचं तोंड पाहा. तिथे ओलसर हिरवट डाग असेल तर उत्तर मिळालं. योग्य क्षमतेचा स्टार लेबलचा पंप, नवा फूट व्हॉल्व्ह आणि टाकी भरल्यावर आपोआप बंद होणारा सेन्सर असं मिळून ५० ते ६० हजार धरा. रोजचे १२ युनिट ५ वर आले की महिन्याला २१० वाचले.

लिफ्टला आत्ता हात लावू नका. कंपनीचा माणूस नवी ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) सुचवेल, वीज वाचते हे खरंही आहे, पण दोन लिफ्टचे मिळून पाचशे युनिट आहेत. त्यातली बचत त्या किमतीला पुरत नाही. जुना कंट्रोलर जाईल तेव्हा बघा.

बेरीज करू. दिवे आणि पंप मिळून जवळपास ८०० युनिट. १८ रुपयांनी महिन्याला १४,४००. खर्च ९० हजार. सहा-सात महिन्यांत वसूल. बँकेत असताना इतक्या कमी मुदतीचा इतका सुरक्षित प्रस्ताव तुमच्या टेबलावर क्वचितच आला असेल.

आता सोलर. पुण्यात एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतं, महिन्याला १२०. सोलरवाल्याने १,९०० ला १२० ने भागलं आणि १६ किलोवॅट काढलं. गणित बरोबर, पण त्याने तुमची गळकी टाकीसुद्धा सोलरवर चालवायला घेतली! आधी ८०० युनिट कमी केले की उरतात ११००, त्याला ९ किलोवॅट पुरतं.

केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक वापराला किलोवॅटमागे १८ हजार अनुदान आहे. सोलरवाल्याच्या १६ किलोवॅटला ते २ लाख ८८ हजार मिळून निव्वळ खर्च ६ लाख ७२ हजार. ९ किलोवॅटचं कोटेशन ५ लाख ६० हजारांच्या आसपास येईल. अनुदान १ लाख ६२ हजार, निव्वळ ४ लाखांना थोडं कमी. त्यात दिवे-पंपाचे ९० हजार मिळवले तरी ४ लाख ८८ हजार. बिलातली घट दोन्हीकडे सारखीच. माझ्या रस्त्याने पावणेदोन लाखांहून जास्त वाचतात आणि गच्चीवर सोळाशेऐवजी नऊशे चौरस फूट अडतात. आमच्या सोसायटीत नेमका हाच घोळ झाला होता. पॅनेलची संख्या आधी ठरली, मग जागा शोधली आणि शेवटची सहा पॅनेलं पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली. दुपारी तीननंतर ती झोपलेली असतात.

'बिल शून्य' हे शब्द कोटेशनमधून काढून टाकायला सांगा. स्थिर आकार राहतोच. दुसरं, तुमचा दिव्यांचा वापर रात्रीचा आणि सोलरची वीज दिवसाची. दिवसाचे युनिट रात्रीत वळते होतात ते नेट मीटरिंगमुळे, आणि ते नियम वीज नियामक आयोगाच्या आदेशाने बदलू शकतात. वाचवलेल्या युनिटला कोणाच्या आदेशाची गरज नसते. म्हणूनही मी दिवे आणि पंप आधी म्हणतो. गरजेपेक्षा मोठा प्रकल्प लावून वर्षाअखेरीस शिल्लक युनिट महावितरणला विकण्याची कल्पना डोक्यातून काढा. त्याला मिळणारा दर तुम्ही भरता त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

९ किलोवॅटमुळे उरलेल्या बिलातून महिन्याला १७ हजार सुटतील, वर्षाला दोन लाख. पॅनेल धुणं आणि किरकोळ देखभालीला वर्षाला दहा-बारा हजार बाजूला काढा. पुण्यातली धूळ आणि कबुतरं दोन्ही फुकट येतात. म्हणजे पैसे परत यायला दोन वर्षं आणि थोडे दिवस.

यावर चेअरमन विचारतील, एफडीवर सात टक्के मिळतात आणि इथे दोन वर्षांत मुद्दल परत येतंय, मग मोडायची का नाही? आकड्यांच्या हिशेबात त्यांचं चुकत नाही. पण तो पैसा त्या कामाचा नाही. आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांची नमुना नियमावली, यांप्रमाणे सिंकिंग फंड इमारतीची पुनर्बांधणी आणि मोठ्या संरचनात्मक दुरुस्त्यांसाठी असतो. तुमची इमारत २०२७ मध्ये तिशी ओलांडेल. आतापर्यंत स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) पाच वर्षांतून एकदा लागत होतं, पुढे तीन वर्षांतून एकदा. तुमच्याच पत्रात एका ओळीत आलंय की बी विंगच्या सहाव्या मजल्यावर छताला ओल येते. ती ओळ माझ्यासाठी कोटेशनपेक्षा मोठी आहे. उद्या ऑडिटरने कॉलमचं काम सांगितलं आणि एफडीचे पैसे गच्चीवर काचेच्या रूपात पडलेले असतील तर तुम्ही काय करणार?

त्या ओलीचा सोलरशी थेट संबंधही आहे. वॉटरप्रूफिंग आधी, पॅनेल नंतर. उलट केलं की दोन वर्षांनी सगळा सांगाडा उतरवून पुन्हा चढवण्याची मजुरी भरावी लागते आणि गळती कुणामुळे यावर वाद वेगळा. वॉटरप्रूफिंग करणारच असाल तर वरचा थर पांढरा घ्या किंवा जुनी चायना मोझॅक करा. पांढरी गच्ची ऊन परतवते, सहाव्या मजल्यावरच्यांचे पंखे-एसी थोडे कमी चालतात. या दुरुस्तीला लागलाच तर सिंकिंग फंड वापरता येईल, पण रीतसर ठराव आणि आर्किटेक्टचा दाखला घेऊन.

मग सोलरचे पैसे कुठून? पहिल्या टप्प्याच्या, म्हणजे दिवे-पंपाच्या, बचतीतून आणि सभासदांकडून. महिन्याचे १४,४०० म्हणजे फ्लॅटमागे बरोबर ४०० रुपये. सभेत कुणीतरी उठून 'मेंटेनन्स ४०० ने कमी करा' म्हणणार. तिथे ठाम राहा. मेंटेनन्स आहे तोच ठेवा आणि ही रक्कम दरमहा वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका, नाही तर ती चहापाणी आणि गणपतीत विरघळते, पुढच्या वर्षी कुठे गेली ते तुम्हालाही सापडणार नाही. (गणपतीवर माझा राग नाही, वर्गणी वेगळी काढा.) बारा महिन्यांत १ लाख ७३ हजार जमतील. ५ लाख ६० हजारांतले उरलेले ३ लाख ८७ हजार ३६ फ्लॅटवर समान वाटले तर प्रत्येकी १०,७५० रुपये, किंवा वर्षभर महिना ९००. समान, कारण कॉमन विजेचा खर्च सेवाशुल्कातच मोडतो आणि तो सर्वांवर सारखा असतो. मोठा फ्लॅटवाला जास्त भरेल हा वाद उघडूच नका. अनुदान प्रकल्प सुरू होऊन तपासणी झाल्यावर सोसायटीच्या खात्यात येतं, म्हणून सुरुवातीला पूर्ण रक्कम हाताशी लागते. ते आलं की फ्लॅटमागे साडेचार हजार परत करा किंवा दुरुस्ती निधीला जमा करा. विक्रेता योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला आणि पॅनेल देशी बनावटीची आहेत ना, एवढं मात्र ऑर्डर देण्याआधी तपासा. नसतील तर अनुदान विसरा.

राहिला रिडेव्हलपमेंटचा मुद्दा. विरोध करणारे सभासद वेडे नाहीत. पाडायच्या घराला रंग कोण लावतो? पण 'होणारच आहे' आणि 'करारावर सही झाली' यात पुण्यात कित्येक वर्षं जातात. ५१ टक्के संमती, निविदा, सल्लागार, विकसकाची निवड, परवानग्या आणि मग कुठे भाड्याच्या घरात जाणं. आजपर्यंत तुमच्याकडे साधा व्यवहार्यता अहवालही नाही. दिवे आणि पंप अर्ध्या वर्षात पैसे परत देतात, त्यांना रिडेव्हलपमेंटशी देणंघेणं नाही. सोलरला मात्र अट घाला. बारा महिन्यांनी, पैसे जमल्यावर, सभेत एकच प्रश्न विचारा : पुढच्या अडीच वर्षांत इमारत रिकामी करावी लागेल असा लेखी करार समोर आहे का? असेल तर सोलर रद्द आणि जमलेले पैसे सभासदांना परत. नसेल तर ऑर्डर द्या. पॅनेल उतरवून नव्या इमारतीवर नेता येतात हे सोलरवाले सांगतात ते खरं, पण सांगाडा आणि मजुरी वाया जाते आणि विकसक त्याची किंमत देईल असं मी धरणार नाही.

तुमचा एसी. तुम्ही तो उन्हाळ्यात साठेक दिवस रात्री सहा तास लावता. नवा पाच स्टारचा घेतला तर तासाला पाऊण युनिटपेक्षा कमीच वाचेल, म्हणजे वर्षाला अडीचशे युनिट. तुमच्या घरच्या बिलात शेवटचं युनिट १३ रुपयांना पडतं, म्हणून बचत वर्षाला सव्वातीन हजार. ४२ हजारांचा एसी वसूल व्हायला तेरा वर्षं. तो बंद पडेपर्यंत चालवा, २४ वर ठेवा. त्याऐवजी हॉल आणि बेडरूमचे दोन पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घ्या. जुना ७५ वॅटचा, नवा ३० चा. दिवसाला बारा तास फिरणाऱ्या पंख्यामागे वर्षाला दोन हजारांहून जास्त वाचतात आणि पंखा तीन हजारांच्या आसपास मिळतो. पाहुण्यांच्या खोलीतला आहे तो राहू द्या, तिथे पंखा फिरतोच किती!